स्थलांतरित पालक आणि नगर परिषद : आयर्लंडचा अनुभव

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)

११ जून २००४ रोजी आयर्लंडच्या मतदाराला मतदान केंद्रात एकाहून अधिक मतपत्रिका मिळाल्या. त्यांपैकी एक स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकीची होती, तर दुसरी घटनादुरुस्तीवरील सार्वमताची. पहिल्या मतपत्रिकेद्वारे पोर्टलीश या मध्यम आकाराच्या नगराने आपल्या नगर परिषदेवर रोटिमी अडेबारी या नायजेरियन गृहस्थाला निवडून दिले. चारच वर्षांपूर्वी, सन २००० मध्ये, ते पत्नी व दोन मुलांसह आश्रय मागत आयर्लंडमध्ये आले होते. दुसऱ्या मतपत्रिकेद्वारे देशातील सुमारे ७९ टक्के मतदारांनी, केवळ आयर्लंडच्या भूमीवर जन्म झाला म्हणून बालकाला मिळणारा नागरिकत्वाचा घटनात्मक हक्क मर्यादित करण्यास संमती दिली. एकाच दिवशी एकाच समाजाने दिलेले हे दोन कौल परस्परविरोधी दिसतात. ते खरोखर तसे आहेत काय, हा आजच्या विवेचनाचा मध्यवर्ती प्रश्न होय.

नागरिकत्व, स्थलांतर आणि स्थानिक स्वराज्य हे तीन विषय अभ्यासक्रमात स्वतंत्र प्रकरणांत विभागलेले असतात. प्रत्यक्ष जीवनात मात्र ते एकाच घराच्या उंबरठ्यावर एकत्र येतात. मुलांना शाळेत घालणारा, घरभाडे देणारा, बसची वाट पाहणारा, परंतु मतदार यादीत नाव नसलेला पालक हा त्या तिन्हींचा संगमबिंदू आहे. म्हणूनच पोर्टलीशचे उदाहरण तपशिलाने पाहणे उद्बोधक ठरते.

निर्गमनाच्या देशात आगमन

आयर्लंडचा आधुनिक इतिहास हा प्रामुख्याने देश सोडून जाणाऱ्यांचा इतिहास आहे. आजच्या आयरिश प्रजासत्ताकाच्या भूभागाची लोकसंख्या १८४१ मध्ये सुमारे ६५ लाख होती. १८४५ नंतरचा बटाट्याचा दुष्काळ आणि त्यानंतर शतकभर चाललेले निर्गमन यांमुळे १९६१ मध्ये ती अवघी २८ लाख इतकी उरली. लोकसंख्या इतक्या दीर्घकाळ घटत जाण्याचे हे युरोपातील विरळा उदाहरण आहे. अमेरिकेतील शहरांच्या राजकारणात आयरिश स्थलांतरितांनी जे स्थान मिळविले, त्याचे मूळ या निर्गमनात आहे. बोस्टन व न्यूयॉर्क येथील नगर कारभारात शिरकाव करून घेत त्यांनी दोन-तीन पिढ्यांत प्रतिष्ठा कमावली.

१९९०च्या दशकाच्या मध्यापासून हे चित्र पालटले. परकीय थेट गुंतवणूक, माहिती तंत्रज्ञान व औषधनिर्माण उद्योग, कंपनी करांचे नीचांकी दर आणि युरोपीय बाजारपेठेची उपलब्धता यांच्या बळावर आयर्लंडचा विकासदर झपाट्याने वाढला. बाहेर गेलेले आयरिश परतू लागले आणि त्यांच्या पाठोपाठ परदेशी नागरिकही आले. १९९२ मध्ये आश्रयासाठीचे अर्ज केवळ ३९ होते. २००२ मध्ये त्यांची संख्या ११,६३४ झाली. १ मे २००४ रोजी युरोपीय संघाचा विस्तार झाला, तेव्हा नव्या सदस्य देशांतील कामगारांना आपली श्रमबाजारपेठ तत्काळ खुली करणाऱ्या तीन देशांत ब्रिटन व स्वीडन यांच्यासमवेत आयर्लंडचा समावेश होता. २००६च्या जनगणनेत सुमारे ४२ लाख लोकसंख्येपैकी जवळजवळ दहा टक्के लोक आयरिशेतर राष्ट्रीयत्वाचे आढळले. इतर देशांना ज्या बदलासाठी अर्धे शतक लागले, तो येथे जेमतेम एका दशकात घडून आला.

पोर्टलीशचा उमेदवार

डब्लिनच्या नैर्ऋत्येस साधारण ८० किलोमीटर अंतरावरील पोर्टलीश हे लीश परगण्याचे मुख्य ठिकाण. सोळाव्या शतकात इंग्रज सत्तेने येथे लष्करी ठाणे उभारून बाहेरच्या लोकांची वसाहत केली. राणी मेरीच्या नावावरून नगराला मेरीबरो हे नाव दिले गेले आणि परगणा 'क्वीन्स काउंटी' म्हणून ओळखला जाऊ लागला. आयर्लंड स्वतंत्र झाल्यानंतर आयरिश नावे रूढ झाली. बाहेरून आलेल्यांचे वर्चस्व म्हणजे काय, याची स्मृती असलेले हे नगर आहे, ही बाब पुढील घटनाक्रमाच्या संदर्भात लक्षणीय ठरते.

अडेबारी यांनी नायजेरियात अर्थशास्त्राची पदवी घेतली होती. धार्मिक छळाच्या कारणावरून त्यांनी केलेला आश्रयाचा अर्ज मान्य झाला नाही. परंतु त्यांच्या एका अपत्याचा जन्म आयर्लंडमध्ये झाल्यामुळे त्या काळच्या प्रथेनुसार त्यांना वास्तव्याचा अधिकार मिळाला. म्हणजे त्यांच्या आयरिश जीवनाचा कायदेशीर पायाच पालकत्व हा होता. आश्रयार्थींना त्या काळी नोकरी करण्याची मुभा नव्हती. शिक्षण व कौशल्य असूनही अनेकांना सक्तीचे रिकामपण भोगावे लागे. अडेबारी यांनी नगरातील बेरोजगारांसाठी साहाय्यगट उभारला, सामाजिक उपक्रमांत भाग घेतला, आणि पुढे डब्लिन सिटी विद्यापीठातून आंतरसांस्कृतिक अभ्यास या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेतले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. बेरोजगारांचा गट हा केवळ स्थलांतरितांचा प्रश्न नव्हता. स्थानिक आयरिश कुटुंबांचाही तो प्रश्न होता. नवागत व्यक्ती जेव्हा स्वतःच्या समूहापुरती मागणी न मांडता सर्वांच्या अडचणीचे काम हाती घेते, तेव्हा तिची ओळख 'परका' या शब्दातून सुटून 'शेजारी' या शब्दाकडे सरकते. २००४ मध्ये कोणत्याही पक्षाच्या चिन्हाविना, अपक्ष म्हणून, त्यांनी निवडणूक लढविली व जिंकली. त्याच निवडणुकीत एनिस या नगरात डॉ. तैवो मॅथ्यू हे नायजेरियन वंशाचे डॉक्टरही विजयी झाले. आयर्लंडमधील हे पहिले दोन कृष्णवर्णीय नगरसेवक होत. पुढे जून २००७ मध्ये परिषदेच्या सदस्यांनी अडेबारी यांची पोर्टलीशच्या महापौरपदी निवड केली. ते आयर्लंडचे पहिले कृष्णवर्णीय महापौर ठरले.

कायद्याने उघडे ठेवलेले दार

अडेबारी निवडून येऊ शकले यामागे त्यांचे कर्तृत्व होते, तसाच एक कायदाही होता. आयर्लंडमध्ये संसदेच्या निवडणुकीत मतदानासाठी आयरिश किंवा ब्रिटिश नागरिकत्व आवश्यक आहे आणि राष्ट्राध्यक्षाची निवडणूक व सार्वमत यांत केवळ आयरिश नागरिकच मतदान करू शकतात. परंतु स्थानिक निवडणुकांत नागरिकत्वाची अट नाही. तेथील सामान्य रहिवासी असणे एवढेच पुरेसे असते. १९६३ मध्ये नागरिकेतर रहिवाशांना स्थानिक मतदानाचा, तर १९७४ मध्ये उमेदवारीचा अधिकार देण्यात आला. त्या वेळी देशात बाहेरून येणारे जवळजवळ नव्हतेच. त्यामुळे या तरतुदीस फारसा विरोधही झाला नाही. गरज निर्माण होण्यापूर्वीच केलेला कायदा पुढे उपयोगी पडतो, याचे हे ठळक उदाहरण होय.

अन्य देशांत या प्रश्नाची उत्तरे वेगवेगळी दिली गेली. स्वीडनने १९७५ मध्ये कायदा करून तीन वर्षे वास्तव्य असलेल्या परदेशी नागरिकांना स्थानिक मतदान व उमेदवारीचा अधिकार दिला आणि १९७६च्या निवडणुकीत त्याची अंमलबजावणी झाली. डेन्मार्क व नेदरलँड्स यांनी १९८०च्या दशकात तोच मार्ग स्वीकारला. जर्मनीत मात्र श्लेस्विग-होल्स्टाइन व हॅम्बुर्ग या राज्यांनी केलेले असे कायदे तेथील संघीय घटना न्यायालयाने ३१ ऑक्टोबर १९९० रोजी घटनाबाह्य ठरविले. ज्या 'जनते'पासून सत्ता उगम पावते ती जनता म्हणजे जर्मन जनता होय, असा या निर्णयाचा आशय होता. त्यानंतर मास्ट्रिश्ट कराराने युरोपीय संघाच्या नागरिकांना संघातील कोणत्याही देशात स्थानिक मतदानाचा व उमेदवारीचा हक्क दिला.

अमेरिकेतील उदाहरण पालकत्वाशी थेट निगडित आहे. न्यूयॉर्क शहरात विभागीय शाळा मंडळे अस्तित्वात होती, तोपर्यंत म्हणजे २००२ पर्यंत, नागरिक नसलेल्या पालकांनाही त्या मंडळांच्या निवडणुकीत भाग घेता येत असे. सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदारांनी २०१६ मध्ये शाळा मंडळापुरता असाच अधिकार पालकांना दिला. उलट न्यूयॉर्क शहराने संपूर्ण नगर निवडणुकीसाठी केलेला कायदा तेथील राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये रद्द ठरविला. म्हणजे पालक म्हणून आवाज द्यावा, परंतु मतदार म्हणून द्यावा की नाही, याविषयी लोकशाही देशांत आजही एकमत नाही.

हितसंबंधी या नात्याने पालक

हा प्रश्न केवळ भावनेचा नाही. त्यामागे अर्थशास्त्रीय विचार आहे. चार्ल्स टीबो यांनी १९५६ मध्ये असे मांडले की, नागरिक आपल्या पसंतीच्या सार्वजनिक सेवा देणाऱ्या नगरात राहावयास जातात, म्हणजे एका अर्थी ते 'पायांनी मतदान' करतात. या प्रतिमानातील गृहीतक असे की, स्थान बदलण्यास खर्च पडत नाही. ज्याची मुले शाळेत रुळली आहेत, अशा पालकाच्या बाबतीत हे गृहीतक कोलमडते. शाळा, भाषा, मित्र, दवाखाना या सर्वांचा तुटवडा सोसून पुन्हा स्थलांतर करणे त्यास परवडत नाही. १९७० मध्ये आल्बर्ट हर्शमन यांनी कोणत्याही संस्थेच्या घसरणीला दोन प्रतिसाद संभवतात असे दाखविले : निघून जाणे किंवा आवाज उठविणे. निघून जाण्याचा मार्ग महाग असेल, तेव्हा आवाजाचे मोल वाढते. मुलाबाळांसह स्थायिक झालेला स्थलांतरित हा नेमका या स्थितीत असतो.

दुसरा मुद्दा माहितीचा. नगर परिषदेपुढील निर्णय बहुधा लहान, परंतु दैनंदिन असतात. पदपथ कोठे असावा, क्रीडांगण कोणत्या वस्तीत व्हावे, घरबांधणीची परवानगी देताना शाळेसाठी भूखंड राखला गेला की नाही, असे त्यांचे स्वरूप असते. नव्या वस्तीतील अडचणींची माहिती ज्यांच्याजवळ आहे, त्यांचा प्रतिनिधी सभागृहात नसेल, तर निधीचे वाटप जुन्या वस्त्यांच्या बाजूने झुकते. यात कोणाचा दुष्ट हेतू असावाच लागतो असे नाही. न ऐकलेल्या गरजेची तरतूद अंदाजपत्रकात होत नाही, इतकेच.

तिसरा मुद्दा न्यायाचा. स्थलांतरित व्यक्ती प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष कर भरते, भाड्यातून मालमत्तेवरील कराचा काही भारही सोसते. कर आकारणी आणि प्रतिनिधित्व यांची सांगड हे आधुनिक लोकशाहीचे जुने तत्त्व आहे. यावर आक्षेपही आहे व तो दुर्लक्षणीय नाही : मतदान हा कराच्या बदल्यात मिळणारा लाभ नसून समान भवितव्य स्वीकारल्याची खूण आहे, जो उद्या निघून जाऊ शकतो, त्याने दीर्घकालीन निर्णयांत भाग का घ्यावा? स्थानिक व राष्ट्रीय असे दोन स्तर वेगळे ठेवून आयर्लंडने या आक्षेपाला व्यवहार्य उत्तर दिले. परराष्ट्र धोरण, संरक्षण, राज्यघटना यांचा निर्णय नागरिकांनी घ्यावा; नगरातील पथदिव्यांचा निर्णय त्या प्रकाशात चालणाऱ्या सर्वांनी घ्यावा.

एकल संक्रमणीय मताचे साहाय्य

आयर्लंडमधील निवडणुका एकल संक्रमणीय मतपद्धतीने होतात. भारतात राज्यसभेची व राष्ट्रपतीची निवडणूक याच पद्धतीने होत असल्याने विद्यार्थ्यांना ती अपरिचित नाही. मतदार उमेदवारांपुढे १, २, ३ असे पसंतीक्रम लिहितो. विजयासाठी आवश्यक कोटा काढताना एकूण वैध मतांना, जागांच्या संख्येत एक मिळवून भागतात आणि येणाऱ्या पूर्णांकात एक मिळवितात. समजा, नऊ सदस्यांच्या नगर परिषदेसाठी ५,००० वैध मते पडली, तर ५,००० भागिले १० अधिक १ म्हणजे ५०१ हा कोटा होईल. पहिल्या पसंतीची ३०० मते मिळालेला उमेदवारही, बाद झालेल्या उमेदवारांच्या मतपत्रिकांवरील पुढील पसंतींच्या बळावर या कोट्यापर्यंत पोहोचू शकतो.

या पद्धतीचे दोन परिणाम संभवतात. एक, लहान समूहाच्या उमेदवारालाही संधी मिळते. दोन, केवळ स्वतःच्या समूहाची मते पुरेशी नसल्यामुळे त्याला इतरांच्या दारी जाऊन दुसरी, तिसरी पसंती मागावी लागते. ज्या दारावर 'पहिले मत आमच्या माणसाला' असे उत्तर मिळते, तेथेही संभाषण संपत नाही. स्थलांतरित उमेदवाराच्या दृष्टीने ही दुसरी पसंती बहुमोल असते. कारण ती देणारा मतदार आपली जुनी निष्ठा न सोडता नव्या शेजाऱ्याला जागा देतो.

दुसरी मतपत्रिका

आता सार्वमताकडे वळणे क्रमप्राप्त आहे. १९९८च्या बेलफास्ट करारानंतर आयर्लंडच्या राज्यघटनेतील अनुच्छेद २ अन्वये आयर्लंड बेटावर जन्मलेल्या प्रत्येकाला आयरिश राष्ट्राचा घटक होण्याचा हक्क प्राप्त झाला. उत्तर आयर्लंडमधील शांततेसाठी केलेल्या या तरतुदीचा अनुषंगिक परिणाम असा झाला की, परदेशी मातापित्यांच्या पोटी तेथे जन्मलेले मूलही घटनादत्त हक्काने आयरिश ठरू लागले. अशा मुलाच्या पालकांना वास्तव्याची परवानगी देण्याची प्रथा १९९०च्या एका न्यायनिर्णयापासून रूढ होती. जानेवारी २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, मूल नागरिक असले तरी पालकांना राहण्याचा आपोआप हक्क प्राप्त होत नाही, असा निर्णय दिला. २००४च्या सार्वमताने, म्हणजे सत्ताविसाव्या घटनादुरुस्तीने, मुलाच्या नागरिकत्वाचा प्रश्नच संसदेच्या कक्षेत आणला. १ जानेवारी २००५ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार, आयरिश वा ब्रिटिश नसलेल्या मातापित्यांपैकी किमान एकाचे जन्मापूर्वीच्या चार वर्षांत तीन वर्षे वैध वास्तव्य असणे सामान्यतः आवश्यक झाले. मात्र जी मुले आधीच जन्मली होती, त्यांच्या पालकांसाठी सरकारने २००५ मध्ये विशेष योजना आणली व सोळा हजारांहून अधिक पालकांना वास्तव्याची परवानगी दिली.

भारताचा याच कालखंडातील अनुभव पडताळून पाहण्याजोगा आहे. नागरिकत्व अधिनियम, १९५५ अन्वये भारतात जन्मलेले मूल सामान्यतः भारतीय ठरत असे. १ जुलै १९८७ पासून मातापित्यांपैकी एक जण भारतीय असण्याची अट आली. ३ डिसेंबर २००४ पासून, एक पालक भारतीय व दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा, ही अधिक कडक अट लागू झाली. भूमीवरील जन्माकडून वंशाकडे झुकण्याची ही दिशा दोन्ही देशांत दिसते.

मग प्रारंभीच्या प्रश्नाचे उत्तर काय? दोन कौलांतील विसंगती वरवरची आहे, असे म्हणता येते. सार्वमताच्या मतपत्रिकेवर एक अमूर्त प्रश्न होता : दार किती उघडे असावे? नगर परिषदेच्या मतपत्रिकेवर एक परिचित नाव होते. अमूर्त स्थलांतराची भीती वाटणारा मतदार परिचित स्थलांतरिताला मत देऊ शकतो. परंतु विसंगतीचा एक भाग खरा आहे आणि तो लपवू नये. ज्या पालकत्वाच्या मार्गाने एका कुटुंबाला स्थैर्य लाभले व त्या स्थैर्यातून एक नगरसेवक घडला, तो मार्ग नंतर येणाऱ्यांसाठी बंद झाला. यशाचे उदाहरण आणि त्या यशाची पूर्वअट ही वेगवेगळी मोजली पाहिजेत.

वराड ते डब्लिन

त्याच २००४च्या निवडणुकीत डब्लिनलगतच्या फिंगल परगणा परिषदेवर एक तरुण डॉक्टर मोठ्या मताधिक्याने निवडून आला. त्याचे नाव लिओ वराडकर. त्यांचे वडील मुंबईत जन्मलेले डॉक्टर. घराण्याचे मूळ गाव सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या मालवण तालुक्यातील वराड. १९९९ मध्ये विसाव्या वर्षी वराडकर स्थानिक निवडणुकीत पराभूत झाले होते. २००७ मध्ये ते संसदेवर निवडून आले आणि जून २०१७ मध्ये पंतप्रधान झाले. ते २०२० पर्यंत व पुन्हा डिसेंबर २०२२ ते एप्रिल २०२४ या काळात त्या पदावर होते. डिसेंबर २०१९ मध्ये पंतप्रधान असताना त्यांनी वराडला भेट दिली, तेव्हा ग्रामस्थांनी केलेले स्वागत अनेकांच्या स्मरणात असेल.

या दोन उदाहरणांतील फरक महत्त्वाचा आहे. वराडकर हे तेथेच जन्मलेले, तेथेच शिकलेले, स्थलांतरिताचे अपत्य. अडेबारी हे स्वतः स्थलांतरित. सामान्यतः पहिली पिढी पोट भरते, दुसरी पिढी शिकते व राजकारणात उतरते, असा क्रम मानला जातो. पहिल्या पिढीचा पालक स्वतः उमेदवार होतो, तेव्हा हा क्रम मोडतो व एका पिढीचा विलंब टळतो. पुढे हे प्रमाण हळूहळू वाढले. २०१९ मध्ये नायजेरियात जन्मलेल्या येमी अडेनुगा या मीथ परगणा परिषदेवर निवडून येऊन देशातील पहिल्या कृष्णवर्णीय महिला सदस्य ठरल्या. केरळमधून गेलेले बेबी पेरेप्पाडन यांची जून २०२४ मध्ये दक्षिण डब्लिन परगण्याच्या महापौरपदी निवड झाली. आयर्लंडच्या २०२२च्या जनगणनेत भारतीय नागरिकांची संख्या ४५ हजारांहून अधिक नोंदली गेली, हे लक्षात घेता अशा उमेदवाऱ्या यापुढे अपवादात्मक राहणार नाहीत.

मर्यादांचे भान

या अनुभवाचे केवळ गौरवीकरण करणे योग्य होणार नाही. पहिली मर्यादा अधिकारांची आहे. आयर्लंडमधील स्थानिक स्वराज्य संस्था युरोपातील दुर्बल संस्थांपैकी गणल्या जातात. निवासी मालमत्तेवरील स्थानिक कर १९७८ मध्ये रद्द झाला; त्याची जागा घेणारा स्थानिक मालमत्ता कर २०१३ मध्ये आला. शालेय शिक्षण व पोलीस यंत्रणा केंद्रीय सत्तेच्या हाती आहेत. महापौरपद बहुतांश ठिकाणी एक वर्षाचे व मानाचे असते. प्रत्यक्ष प्रशासन नियुक्त मुख्य कार्यकारी अधिकारी पाहतो.

दुसरी मर्यादा संस्थात्मक आहे. १९९९च्या विसाव्या घटनादुरुस्तीने आयर्लंडमध्ये स्थानिक स्वराज्याला घटनात्मक मान्यता व किमान दर पाच वर्षांनी निवडणुकीची हमी मिळाली. आपल्याकडील ७३व्या व ७४व्या घटनादुरुस्तीशी याचे साधर्म्य आहे. परंतु २०१४ मध्ये काटकसर व कार्यक्षमता या कारणांसाठी देशातील सर्व ८० नगर परिषदा बरखास्त करण्यात आल्या. स्थानिक संस्थांची संख्या ११४ वरून ३१ व सदस्यसंख्या १,६२७ वरून ९४९ इतकी झाली. ज्या पोर्टलीश नगर परिषदेने अडेबारी यांना पहिली पायरी दिली, ती परिषद आज अस्तित्वात नाही. लहान सभागृहातील जागेसाठी काहीशे मते पुरतात. मोठ्या सभागृहासाठी अधिक पैसा, पक्षाचे पाठबळ व विस्तृत ओळख लागते. वाचलेला खर्च हिशोबात दिसतो, गमावलेली पायरी मात्र दिसत नाही.

तिसरी मर्यादा सामाजिक आहे. घरांच्या तीव्र टंचाईच्या पार्श्वभूमीवर नोव्हेंबर २०२३ मध्ये डब्लिनमध्ये स्थलांतरितविरोधी दंगल उसळली. प्रतिनिधित्व मिळाले म्हणजे तणाव संपला, असे समीकरण मांडता येत नाही. निवारा व सेवा यांचा पुरवठा लोकसंख्येच्या वेगाने वाढला नाही, तर शेजाऱ्याचे रूपांतर पुन्हा परक्यात होऊ शकते.

भारतासाठी बोध

भारतात परदेशी नागरिकांना कोणत्याही स्तरावर मताधिकार नाही व तशी मागणीही नाही. आपला प्रश्न वेगळा आहे. २०११च्या जनगणनेनुसार देशात सुमारे ४५ कोटी व्यक्ती, म्हणजे लोकसंख्येच्या सुमारे ३७ टक्के, अंतर्गत स्थलांतरित होत्या. त्यांत विवाहामुळे स्थलांतर केलेल्या स्त्रियांचा वाटा सर्वांत मोठा असून, आंतरराज्य स्थलांतरितांची संख्या सुमारे साडेपाच कोटी होती. हे सर्व भारताचे नागरिक आहेत. अनुच्छेद १९ त्यांना देशात कोठेही राहण्याचे स्वातंत्र्य देतो. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० च्या कलम १९ नुसार 'सामान्य रहिवासी' असणे हीच मतदार यादीत नाव नोंदविण्याची कसोटी आहे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने सुरत, पुणे वा बेंगळुरू येथे राहणाऱ्या परप्रांतीय पालकाला नगर निवडणुकीत मतदान व उमेदवारी या दोहोंचा मार्ग मोकळा आहे.

अडसर आहे तो व्यवहारात. भाडेकराराचा अभाव, वारंवार बदलणारे पत्ते, हंगामी काम आणि गावाकडील यादीतील नाव न सोडण्याची मानसिकता यांमुळे अनेक जण कामाच्या ठिकाणी मतदार होत नाहीत. अनुसूचित जाती-जमातींच्या सवलती मूळ राज्यापुरत्या मर्यादित असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९० व १९९४च्या निर्णयांत स्पष्ट केले असल्याने, अशा स्थलांतरितांना नव्या राज्यात राखीव जागेचा आधारही सहसा मिळत नाही. महाराष्ट्रात मुंबईबाहेरील महानगरपालिकांत बहुसदस्यीय प्रभागांचा अवलंब झाला आहे. परंतु प्रत्येक जागेसाठी स्वतंत्र मतदान होत असल्याने ही पद्धत प्रमाणशीर नाही. आयर्लंडच्या पद्धतीशी तिची गल्लत करू नये.

धोरणाच्या अंगाने एक भेद मात्र स्पष्ट व्हावयास हवा. 'एक देश, एक शिधापत्रिका' योजना २०१९ पासून टप्प्याटप्प्याने राबविली गेली व जून २०२२ पर्यंत ती सर्व राज्यांत पोहोचली. परिणामी स्थलांतरिताचे धान्य त्याच्याबरोबर प्रवास करू लागले. निवडणूक आयोगाने जानेवारी २०२३ मध्ये दूरस्थ मतदान यंत्राचे प्रारूप राजकीय पक्षांपुढे मांडले. त्याचा उद्देश स्थलांतरिताला शहरात राहून गावच्या मतदारसंघात मत देता यावे, हा होता. हा विचार स्वागतार्ह असला, तरी तो गावाशी असलेले नाते जपतो. ज्या शहरात मूल शाळेत जाते, त्या शहराशी नाते जोडत नाही. नगर नियोजन, नळजोडणी, पाळणाघर आणि महापालिकेची शाळा यांविषयीचा आवाज राहत्या प्रभागातच उमटावा लागतो. ७४व्या घटनादुरुस्तीतील अनुच्छेद २४३-एस अन्वये तीन लाख वा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत अभिप्रेत असलेल्या प्रभाग समित्या त्यासाठी उपयुक्त व्यासपीठ ठरू शकतात. शाळा प्रवेशाच्या वेळीच पालकांना मतदार नोंदणीचे साहाय्य देणे, हा अल्प खर्चाचा व प्रशासनाच्या आवाक्यातील उपायही विचारार्ह आहे.

पोर्टलीशच्या उदाहरणाचे सार एवढेच की, समावेशनाचे मोजमाप कायद्यातील शब्दांवरून जसे करावयाचे, तसेच ते पहिल्या पायरीच्या उंचीवरूनही करावयाचे असते. एका नगराने ती पायरी कमी उंचीची ठेवली, म्हणून चार वर्षांपूर्वी आश्रय मागणारा पालक त्या नगराच्या सभागृहात बसला आणि तीन वर्षांनी त्याचा महापौर झाला. उद्या प्रशासनात जाणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी कोणाच्या तरी टेबलावर अशाच एखाद्या पालकाचा नमुना क्रमांक ६ चा नाव नोंदणी अर्ज येईल. पत्त्याचा पुरावा अपुरा आहे म्हणून तो परत पाठवावयाचा, की नियमांच्या चौकटीत राहून प्रत्यक्ष पडताळणीने तो पूर्ण करून घ्यावयाचा, हा निर्णय वरकरणी किरकोळ असेल. त्या कुटुंबाचा शहराशी जडणारा संबंध मात्र बऱ्याच अंशी त्यावरच अवलंबून राहील.